डब्यात दडलंय काय?

लॅपटॉप स्लो झाला की आपण थेट नव्याच्या शोधात निघतो. पण आतला नेमका कोण थकलाय, ते विचारतो का? काउंटरपलीकडच्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलता यावं, म्हणून ही हार्डवेअरची तोंडओळख.

‘सर, आय सेव्हन आहे. आठची रॅम, पाचशे बाराची मेमरी, वर ग्राफिक्सपण आहे. डोळे झाकून घ्या!’

आणि आपण खरंच डोळे झाकून घेतो. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारे, रिक्षाच्या मीटरवर डोळा ठेवून बसणारे आपण, पन्नास-साठ हजारांच्या वस्तूसमोर मात्र लग्नातले मंत्र ऐकावेत तसे उभे असतो. अर्थ कळत नाही, मान हलवायची, आणि ‘सावधान’ झालं की कार्ड पुढे करायचं.

जरा ते वाक्य पुन्हा वाचा. आय सेव्हन, पण कुठल्या सालातला? आठची रॅम, पण पुढे वाढवता येणार की नाही? पाचशे बाराची ‘मेमरी’ म्हणजे एसएसडी की जुनी फिरती हार्ड डिस्क? ग्राफिक्स म्हणजे वेगळी चिप, की प्रोसेसरच्या पोटातलंच? एका दमात चार गोष्टी सांगितल्या आणि चारही अर्धवट. त्यातली प्रत्येक अर्धवट गोष्ट तुमच्या खिशातून काही हजार काढू शकते.

रिपेअरच्या काउंटरवर तर आणखी मजा. ‘मॅडम, मदरबोर्ड गेलाय. यात पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्या.’ कधी कधी ते शंभर टक्के खरं असतं. आणि कधी कधी रॅमची पट्टी आपल्या खाचेत जराशी हललेली असते. ती काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच घासायचे आणि खट्कन परत बसवायची, की स्क्रीन उजळते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचा कुठलाही जुना कारागीर हा खोडरबरचा फंडा जाणतो. (कागदोपत्री या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर ते नाव घेऊन पत्ता विचाराल, तर समोरचा आधी तुमच्याकडे बघत राहील.)

तर मंडळी, इंजिनीअर व्हायची गरज नाही. डब्यात कोण कोण राहतं आणि कोण काय काम करतं, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

टेबलाखालचा ‘सीपीयू’

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे ऑफिसात, सायबर कॅफेत, घरी, सगळीकडे टेबलाखालच्या त्या उभ्या खोक्याला ‘सीपीयू’ म्हणतात. ‘सीपीयूला पाय लागला’, ‘सीपीयू पुसून घे’ वगैरे. एमएस-सीआयटीच्या परीक्षेत याच माणसांनी बरोबर उत्तर लिहिलेलं असतं! खोक्याचं नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर. आत मदरबोर्डवर, पंख्याखाली दडून बसलेली, तळहातावर सहज मावणारी चिप. सगळी आकडेमोड, सगळे हुकूम तिच्याकडून.

म्हटलं तर हा शब्दाचा कीस. पण फोनवर ‘माझा सीपीयू बिघडलाय’ असं सांगितलं, तर भला कारागीर हसून ‘घेऊन या, बघू’ म्हणेल. चलाख असेल, तर डब्यातल्या महागड्या चिपचा हिशेब तुम्हीच त्याच्या हातात दिलात. त्यापेक्षा ‘बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी राहते’ असं सांगा. लक्षण सांगावं, रोगाचं नाव त्याला काढू द्यावं. डॉक्टरकडे नाही का आपण तेच करत?

ओटा लहान की माळा लांब?

आता मुख्य विषय. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ ही तक्रार दहा कारणांनी होऊ शकते, पण घरच्या आणि ऑफिसच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा संशयित दोनच असतात, रॅम आणि डिस्क. आणि नेमका याच दोघांचा लोक सर्वांत जास्त गोंधळ करतात, कारण दुकानात दोघांनाही ‘मेमरी’ म्हणायची पद्धत आहे.

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी आई. रॅम म्हणजे ओटा, आत्ता लागणारं सगळं पसरून ठेवायची जागा. डिस्क म्हणजे डबे ठेवायचं फडताळ. रात्री दिवा मालवला की ओटा पुसून स्वच्छ, फडताळातलं मात्र जिथल्या तिथे. म्हणूनच सेव्ह न केलेली फाइल लाइट गेल्यावर गायब होते. ती अजून ओट्यावरच होती, डब्यात गेलेलीच नव्हती.

ओटा लहान असेल तर काय होतं? परात ठेवायला पोळपाट उचलावा लागतो, पोळपाट हवा झाला की परात. कॉम्प्युटरही हेच करतो. ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब, एका बाजूला एक्सेल, दुसरीकडे व्हिडिओ मीटिंग, असा पसारा आठ जीबीत मावेनासा झाला की तो रॅममधला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. डिस्क चपळ असेल तर हे फारसं जाणवत नाही. पण डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर प्रत्येक वस्तूसाठी शिडी लावून माळ्यावर चढण्याचा प्रकार. माउसचा बाण गोल गोल फिरत राहतो तेव्हा आत ही शिडीची चढउतार चाललेली असते.

जुनी पद्धत म्हणजे हार्ड डिस्क, एचडीडी. आत खरोखरच्या फिरत्या चकत्या असतात. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारतात, म्हणजे सेकंदाला ९०, आणि एक चिमुकली सुई चकतीवरून पुढेमागे करत हवा तो तुकडा शोधते. या घराण्याचा मूळ पुरुष १९५६ सालचा, आयबीएमचा. २४ इंची ५० चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची किती, तर ५० लाख अक्षरं. तुमच्या मोबाइलमधला एखादा फोटो त्यात जेमतेम बसला असता.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सगळा माल चिपमध्ये. हार्ड डिस्कला एखादी जागा गाठायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. वाचायला हा वेळ फार वाटत नाही, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो जागा गाठायच्या असतात. एसएसडी तेच काम शंभरपट वेगाने करते. सरळ मोठी फाइल वाचायची तर हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साटा जातीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि एनव्हीएमई जातीची एसएसडी तीन-साडेतीन हजार ते सात हजार आणि पुढे.

म्हणूनच २०१५ ते २०१९च्या काळातला, हार्ड डिस्कवाला लॅपटॉप घरात कुरकुरत पडला असेल, तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी बसवून बघा. मशीन सुरू व्हायला लागणारी दोन-तीन मिनिटं पाव मिनिटावर येतात. प्रोसेसर तोच, रॅम तीच, आणि घरचे विचारतात, ‘नवा घेतलास का?’ आमच्या मते हार्डवेअरच्या दुनियेत इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही.

पण घेताना एक खोच लक्षात ठेवा. ‘एम डॉट टू एसएसडी आहे’ असं दुकानदार म्हणाला की लोकांना वाटतं, फास्टवाली मिळाली. एम डॉट टू हे आकाराचं नाव आहे, च्युइंगगमच्या पट्टीसारख्या त्या बारीक कार्डाचं. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. विचारायचं ते ‘एनव्हीएमई आहे का?’ आणि त्याआधी आपल्या लॅपटॉपची खाच कुठली जात स्वीकारते, ते मॉडेल नंबरवरून पाहून ठेवायचं.

आणि हो, ५१२ जीबीची डिस्क घेतली आणि विंडोजमध्ये ४७६च दिसली म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. फसवलेलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींहून थोडे अधिक धरते. एक टीबीचे म्हणूनच ९३१ दिसतात. असाच घोळ इंटरनेटच्या प्लॅनमध्ये. तिथले एमबीपीएस हे ‘बिट’चे असतात आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर जाणार नाही.

दोन मिनिटांची तपासणी

आपल्या मशीनमध्ये दोषी कोण, हे बघायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. रोजचा पसारा उघडा ठेवूनच जा, रिकामं मशीन तपासून काही कळत नाही.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे चिकटून बसलीय? ओटा लहान पडतोय. मेमरी निवांत आहे, पण डिस्क सतत शंभर टक्के, आणि तिच्या नावापुढे एचडीडी लिहिलंय? माळ्याचा प्रॉब्लेम. दोन्ही शांत आणि सीपीयू शंभरावर? मग एखादा प्रोग्रॅम अडकलाय का ते आधी बघा, प्रोसेसरला दोष नंतर.

त्याच पानावर मेमरीखाली आणखी दोन ओळी असतात, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. एक, किती खाचा वापरात आहेत. ‘दोनपैकी एक’ असं दिसलं तर शेजारी दुसरी पट्टी बसवता येते, आणि बरोबरीच्या दोन पट्ट्या जोडीने कामही जलद करतात. दुसरी ओळ ‘फॉर्म फॅक्टर’. तिथे एसओडिम असेल तर रॅम सुटी आहे, बदलता येईल. ‘रो ऑफ चिप्स’ असं लिहिलेलं दिसलं तर रॅम मदरबोर्डवर डाग देऊन चिकटवलेली आहे. ती निघणार नाही. शेजारी एखादी मोकळी खाच असेल तर ठीक, नाहीतर घेताना जेवढी होती तेवढ्यावरच शेवटपर्यंत संसार.

नवा लॅपटॉप घेताना विचारायचा पहिला प्रश्न आमच्या मते हाच, ‘रॅम वाढवता येते का?’ हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा येत नाही. अॅपलने २०२० साली स्वतःच्या एम वन चिपचे मॅक काढले तेव्हापासून त्यांच्या लॅपटॉपमध्ये रॅम थेट प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते. विकत घेण्याच्या दिवशी जो आकडा निवडलात तो कायमचा. अशा मशीनमध्ये ‘आत्ता आठ घेऊ, पुढे बघू’ चालत नाही. सोळाच घ्या.

सुटी रॅम घ्यायची तर पिढी जुळायला हवी. डीडीआर फोर आणि डीडीआर फाइव्ह यांच्या पट्ट्यांमधली खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जबरदस्ती करू नका. डेस्कटॉपची लांब पट्टी लॅपटॉपमध्येही जात नाही. भावाचं म्हणाल, तर रॅम दरवर्षी स्वस्त होत जाते असं आपण धरून चाललो होतो. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी चिपचा एवढा माल उचलायला सुरुवात केली की रॅमचे भाव एकदम चढले. क्रूशियल या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये तो धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा बंद पडलेल्या मशीनमधली चालू पट्टी भंगारात देऊ नका.

नावात बरंच काही आहे

आता त्या ‘आय सेव्हन’कडे वळू. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही इंटेलची इयत्ता नाही, तुकडी आहे. इयत्ता पुढच्या आकड्यात असते. आय सेव्हन-२६०० हा दुसऱ्या पिढीचा, २०११चा. आय थ्री-१२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२चा. हा नवा ‘थ्री’ त्या जुन्या ‘सेव्हन’ला आरामात मागे टाकतो. पण सेकंडहँड बाजारात बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘आय सेव्हन’ लिहिलेलं असतं आणि पुढचा आकडा विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

वाचायची ट्रिक सोपी आहे. आकडा दोन ते नऊने सुरू होत असेल तर तोच एक अंक म्हणजे पिढी. एकने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक घ्या. ८२५०यू आठवी, १२३५यू बारावी. शेवटचं अक्षरही बोलतं. यू म्हणजे बॅटरी जपून वापरणारा, एच म्हणजे ताकदवान आणि म्हणूनच तापणारा, खाणारा. दोन्ही ‘आय फाइव्ह’च, पण एकाचा स्वभाव बँकेतल्या कॅशिअरचा, दुसऱ्याचा तालमीतल्या पैलवानाचा. डिसेंबर २०२३मध्ये इंटेलने ‘कोअर अल्ट्रा’ ही नवी नावं आणली आणि ‘आय’ मागे पडत गेला, पण सेकंडहँडच्या बाजारात ‘आय’वालेच भरपूर.

एएमडीच्या रायझनमध्ये तर नामकरणाचा कहर झाला. त्यांच्या लॅपटॉपवाल्या ७००० मालिकेत खरी गोम तिसऱ्या अंकात आहे. रायझन फाइव्ह ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही नावं सख्ख्या भावांची वाटतात. पण ७५२०यूच्या आत ‘झेन टू’ ही २०१९ची रचना आहे, ७५३०यूमध्ये ‘झेन थ्री’, ७५४०यूमध्ये ‘झेन फोर’. एका अंकात एका पिढीचा फरक! चोरी नाही, लबाडी नाही, कंपनीने हे कोष्टक स्वतःच जाहीर केलेलं होतं. पण दुकानात उभं राहून कोष्टक कोण बघतो? सूट कुठल्या मॉडेलवर मोठी आहे तेवढंच आपण बघतो, आणि कधी कधी ती मोठी असण्याचं कारण हे असं असतं.

ग्राफिक्सचं थोडक्यात आटपू. ‘ग्राफिक्स आहे’ याला काही अर्थ नाही, कारण हल्लीच्या जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये कामापुरतं ग्राफिक्स असतंच. त्यावर सिनेमा दिसतो, प्रेझेंटेशन होतं, हलकीफुलकी गेमही चालते. वेगळा जीपीयू लागतो तो भारी गेमिंग, थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंग किंवा स्वतःच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायला. यातलं काही करत नसाल, तर त्या चिपचे पैसे रॅम आणि एसएसडीत घाला. वजन आणि पंख्याचा आवाजही वाचेल.

ज्यांना कुणी विचारत नाही

मदरबोर्ड म्हणजे ज्या पाटीवर हे सगळे भाग बसतात आणि एकमेकांशी बोलतात ती. सगळ्यांत जास्त आळ हिच्यावर येतो. पण डेस्कटॉप अगदी मेल्यासारखा गप्प असेल, दिवा नाही, पंखा नाही, तर आधी एसएमपीएस तपासायला सांगा. भिंतीतल्या २३० व्होल्टचे मशीनला पचतील असे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा हा लोखंडी डबा. विजेची चढउतार पहिली यालाच सोसावी लागते. आणि असेंबल करताना बजेट कमी पडलं की पहिली कात्रीही यालाच लागते, कारण जाहिरातीत याचं नाव नसतं. स्वस्तातला एसएमपीएस जाताना कधी कधी मदरबोर्डलाही बरोबर घेऊन जातो. इथे पैसे वाचवू नका.

दुसरा, तो रुपयाएवढा सेल. मदरबोर्डवर चकचकीत गोल बसलेला असतो, नाव सीआर २०३२. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं, हे त्याचं मुख्य काम. तो संपला की चालू केल्यावर कॉम्प्युटर कुठलं तरी मागच्या सालातलं दाखवतो. आणि तारीख चुकली की बँकेची वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडायलाच तयार होत नाही. माणसं व्हायरस आला म्हणून घाबरतात, फॉरमॅट मारून आणतात. सेल घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो.

तिसरा पंखा. दोन-तीन वर्षं लॅपटॉप गादीवर, मांडीवर, उशीवर ठेवून वापरला की आत कापसाची वातच वळली जाते. हवा अडली की प्रोसेसर तापतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. संध्याकाळी स्लो होणारा आणि सकाळी बरा चालणारा लॅपटॉप असेल तर हे एकदा उघडून बघा. साफसफाई आणि प्रोसेसरवर नवीन थर्मल पेस्ट, एवढ्यावर भागतं. बॅटरीचं मात्र वेगळं. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाहीये, असं दिसलं तर आत बॅटरी फुगलीय. दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. वापर आणि चार्जिंग तिथेच थांबवा आणि लगेच बदलून घ्या.

जाता जाता टाइप सी. हेही एम डॉट टूसारखंच, आकाराचं नाव. एका लॅपटॉपच्या टाइप सी पोर्टमधून चार्जिंग होतं, मॉनिटर लागतो, सगळं होतं. दुसऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या पोर्टवर पेनड्राइव्हपलीकडे काही चालत नाही. बाजूला काढलेली चिन्हं बघा आणि दुकानात प्रत्यक्ष केबल लावून दाखवायला सांगा. लाजायचं काय त्यात?

जुना टाकू की ठेवू?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. (जुन्या घरगुती मशीनसाठी सुरक्षेच्या अपडेट्सची एक वर्षाची जादा मुदत दिली गेली, तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच.) विंडोज ११ला कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क पुरते, पण टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा लागतो. म्हणजे पुन्हा तोच पिढीचा आकडा! आठवी किंवा पुढची असेल, तर एसएसडी आणि जमलं तर थोडी रॅम घालून तो लॅपटॉप आणखी काही वर्षं सुखाने काढेल. त्याआधीचा असेल, तर त्यावर बँकेचे व्यवहार नकोत. उबुंटू किंवा मिंट टाकून आईला यूट्यूबवरची कीर्तनं आणि भाच्याला अभ्यास, याला तो छान चालतो. फुकट आहे, आणि दिसतं तितकं अवघड नाही.

रिपेअरला देताना

आता सगळ्यांत महत्त्वाचं. डब्यातला प्रत्येक भाग बाजारात विकत मिळतो. डिस्कवर जे साठवलंय ते तेवढं मिळत नाही. लग्नाचे फोटो, आजोबांचा व्हिडिओ, थिसिस, चार वर्षांची इन्कम टॅक्सची कागदपत्रं, सगळं एका डिस्कवर. ‘लॅपटॉप गेला’ म्हणजे ती डिस्क गेली, असं नव्हे. मदरबोर्ड, स्क्रीन, चार्जर, काहीही गेलेलं असलं तरी सुटी डिस्क ठणठणीत असू शकते. तेव्हा काउंटरवर पहिलं वाक्य हे टाका, ‘डेटा हवाय. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही.’ आणि पावतीवर लिहून घ्या. कारण ‘विंडोज टाकून दिलं, आता मस्त चालतंय’ हे वाक्य हसत हसत सांगितलं जातं आणि त्यात तुमची चार वर्षं पुसलेली असू शकतात.

विंडोज ११च्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकरच्या तंत्राने. मदरबोर्ड बदलला की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. आपण मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर बहुतेक वेळा की तिथे जमा असते. मशीन चालू आहे तोवरच ती शोधून कागदावर उतरवून ठेवा. नंतर कारागीर कितीही हुशार असला तरी त्या आकड्यांशिवाय त्याचा इलाज नाही. डिस्कही मदरबोर्डवर चिकटवलेली असेल, तर तेवढाही पर्याय उरत नाही. अशा मशीनवाल्यांनी बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क लॅपटॉपबरोबरच घ्यावी, बॅग नंतर.

बिलावर भागाचं पूर्ण नाव मागा. नुसतं ‘एसएसडी बदलली’ नको. कंपनी, किती जीबी, एनव्हीएमई की साटा, सिरियल नंबर आणि वॉरंटी किती वर्षं. घरी आल्यावर टास्क मॅनेजर उघडून ताडून बघा. आणि एसएसडी बसवल्यावर निघालेली जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तुमचा सगळा डेटा अजून तिच्यात आहे आणि ती तुमच्या पैशांची आहे. तिच्यासाठी यूएसबीचं केसिंग काही शे रुपयांत मिळतं. त्यात बसवली की तीच बॅकअपची डिस्क. माळ्यावरच्या कामाला ती अजूनही उत्तम आहे.